भीमसेनला उठवायचं कसं

पहाटे उठण्याचे फायदे सांगणारी माणसं मला लहानपणापासून आवडत नाहीत. बुद्धी तल्लख होते, आयुष्य वाढतं, असं ती सांगत राहतात आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर येईपर्यंत घोरतो. आमच्या वठारातल्या ठकुबाईनं असला एकही फायदा कधी कुणाला सांगितला नाही. तिनं एका कुंभकर्णाला उठतं केलं. ते कसं केलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगायचा अधिकार माझा आहे.

एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठचा सुमार असेल. माझे वडील पुण्याहून बंगळूरला एका संशोधन संस्थेत आले आणि आम्ही मल्लेश्वरममधल्या एका वठारात राहायला लागलो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती मांडलेली बिऱ्हाडं; मधे विहीर आणि फाटकाशी कॉर्पोरेशनचा नळ. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ठकुबाई आणि तिचा भाचा भीमसेन राहायचे. मूळचे अथणीकडचे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही. सगळं वठार तिला ठकुअक्का म्हणायचं.

ठकुअक्का ऐन तरुणपणी विधवा झाली आणि पुढची सगळी वर्षं तिनं दिराच्या घरी चुलीपुढे काढली. मागायचं नाही, बोलायचं नाही, सगळ्यांचं होऊन उरेल ते जेवायचं. भीमसेन तिच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. त्याला इथल्या सरकारी कारखान्यात लेथवर काम मिळालं, तेव्हा तो सरळ अथणीला गेला आणि मावशीला घेऊन आला. पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं. आमटीत गूळ किती घालायचा हे आता ती ठरवणार होती, आणि ती सढळ हातानं घालायची.

पण भीमसेन अजून कायम झाला नव्हता. नोकरी गेली असती तर त्यानं कुठंही पोट भरलं असतं. ठकुअक्काला मात्र परत दिराच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं. ती आईला एकदा स्पष्टच म्हणाली, "अहो, त्या चुलीपुढं मी आता बसणार नाही. काय वाट्टेल ते होऊ दे."

आणि नोकरी जायला कारण एकच होतं, ते म्हणजे भीमसेनची झोप. एरवी पोरगा सोन्यासारखा. हातात कसब होतं, तोंडात शिवी नव्हती. पण कारखाना शहराबाहेर, आणि कारखान्याची बस उजाडायच्या आधी सर्कलवर, म्हणजे जवळच्या चौकात, यायची. ती चुकली की वेळेवर पोचायचा दुसरा मार्ग नाही. भीमसेन ती वरचेवर चुकवायचा.

त्याला हलवून उठवणं ठकुअक्काला शक्य नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ करून सोवळ्यात असायची, आणि सोवळ्यात अंथरुणाला काय, अंथरुणातल्या माणसालाही हात लावायचा नाही. मग ती उंबऱ्यावर उभी राहून हाका मारायची. "भीमा, ऊठ की रे. ए भीमा." वठार उठायचं, भीमा उठायचा नाही. एकदा तिनं जळमटं काढायच्या बांबूनं लांबून त्याला ढोसलं. त्यानं झोपेतच बांबू कुशीत घेतला. बांबू वाया गेला तो गेलाच, शिवाय तिला पुन्हा आंघोळ करावी लागली. पुढे माझ्या वडिलांनी आपलं गजराचं घड्याळ दिलं. ठकुअक्कानं ते पितळी परातीत ठेवायला लावलं, म्हणजे आवाज दणकून होईल. झालाही. घरमालक हयवदनराव धोतर सावरत अंगणात आले आणि म्हणाले, "अम्मा, स्वल्प गलाटा कम्मी करा की." तोवर भीमसेननं परात पालथी घालून घड्याळाचा आवाज दाबला होता आणि तो पुन्हा घोरत होता. विचारलं तर म्हणाला, मी कुठं काय केलं?

शेवटी फोरमननं त्याला बोलावून घेतलं. काम चांगलं आहे म्हणाला, पण कायम होईपर्यंत आता एकदा जरी उशीर झाला तरी तुझं नाव मी पुढे पाठवणार नाही. भीमसेननं घरी येऊन खाली मान घालून सगळं सांगितलं. ठकुअक्का ओरडली नाही. तांदूळ निवडता निवडता तिनं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी त्याला फर्मान सोडलं.

"उद्यापासून माझं पाणी तू काढायचं."

हे पाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. ठकुअक्का नळाचं पाणी पीत नसे. नळाच्या तोटीत चामड्याचा वॉशर असतो, आणि चामड्याला लागून आलेलं पाणी देवाला आणि सोवळ्याच्या माणसाला चालत नाही, हा त्या वेळी कितीतरी घरांतला नेम होता. तिला विहिरीचंच पाणी लागायचं, तेही आंघोळ करून, ओलेत्यानं, सोवळ्याच्या कळशीनं काढलेलं. आजवर ती ते स्वतः काढत होती. हात दुखतो, कंबर धरली, असलं खोटं कारणसुद्धा तिनं पुढं केलं नाही. तू काढायचं, एवढंच.

भीमसेन "सरी, बरं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आठवड्याची सुट्टी असल्यामुळे बिनघोर झोपला. जेवायच्या वेळेला उठून तो तसाच मित्रांकडे जेवायला निघून गेला. त्या दिवशी ठकुअक्काची चूल पेटली नाही. आईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, मी न्हालेय, मी देते काढून." ठकुअक्कानं तिला असं काही पाहिलं की आई दोन पावलं मागं सरली. "तुम्ही काढलंत तर हा जन्मात उठायचा नाही," ती म्हणाली.

दिवेलागणीला भीमसेन परत आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे पडले होते. त्याला आधी काही समजेना. मग देवघराकडची रिकामी कळशी दिसली आणि तो तिच्यापुढे येऊन बसला.

"मावशी, दिवसभर पाणी नाही प्यालीस?"

"नाही."

"एकादशी आहे होय आज?"

"एकादशी देवासाठी करते. ही तुझ्यासाठी केली."

आमची खिडकी त्यांच्या दाराला लागून, म्हणून हे सगळं आम्हाला ऐकू आलं. तो रडला हेही ऐकू आलं. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. तिची मात्र आली होती. भीमसेननं तेव्हाच्या तेव्हा विहिरीवर जाऊन चार कळशा थंड पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि तिच्यासाठी कळशी भरून आणली.

नुसत्या रडण्यानं माणूस पहाटे उठत नाही, हे ठकुअक्काला पक्कं ठाऊक होतं. खरं काम तिनं दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं, आणि ते सगळं संध्याकाळचं काम होतं. भीमसेन जेवण झाल्यावर सर्कलवर जाऊन मित्रांबरोबर पत्ते कुटायचा आणि वर कडक कॉफी ढोसायचा. कॉफी दुपारनंतर बंद झाली. भात दिवे लागताच वाढला जाऊ लागला, आणि तोही पोटाला तडस लागेल इतका नाही. पत्ते सुट्टीच्या दिवसावर गेले. अंथरूण आतल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, विहिरीकडच्या खिडकीखाली आलं. कारखान्याचे कपडे, चपला, डब्याची पिशवी, सगळं दाराशी आदल्या दिवशीच मांडलेलं. "सकाळी तुला डोकं नसतं," ती त्याला म्हणायची, "म्हणून डोक्याची सगळी कामं आत्ता कर."

आणि सकाळी त्याच्यापुढे "ऊठ" हे काम उरलंच नाही. काम होतं ते पाणी काढायचं. उठायचं आणि थेट विहीर गाठायची. दगडाच्या गार कट्ट्यावर उभं राहून दोन कळशा अंगावर घ्यायच्या, मग ओल्या पंच्यानं तिचं पाणी शेंदायचं. बंगळूरच्या थंडीत एवढं केल्यावर परत झोपायची कुणाची टाप आहे? पहिले काही दिवस तो दात वाजवत यायचा. पुढे कुडकुडणं थांबलं. पुढे तर रहाटाचा आवाज ऐकून आमचं घर उठायला लागलं, आणि वडिलांचं घड्याळ कपाटात गेलं. बसचा ड्रायव्हर सर्कलवर पोचायचा तेव्हा भीमसेन आधीच तिथं उभा असायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. फोरमननं त्याचं नाव वर पाठवायचं कबूल केलं होतं आणि महिना संपत आला होता. अशा वेळी एका सकाळी दोर तुटला.

भीमसेन न्हाऊन तिच्या पाण्याची पहिलीच कळशी वर ओढत होता आणि पाण्यानं कुजलेला दोर काठाशी येऊन तुटला. कळशी विहिरीत. आई आवाज ऐकून बाहेर गेली, तिच्यामागे मी. हयवदनरावांनी गळ आणून दिला. भीमसेन कट्ट्यावर ओणवा होऊन गळ टाकू लागला, पण आत अंधार, काही लागेना. आईनं आमची दोर बांधलेली बादली पुढे केली. पण ती ओवळी, वापरातली. तिला घासून, धुऊन सोवळ्याची करेपर्यंत वेळ कुठला?

तेवढ्यात सर्कलवरून बसचा भोंगा ऐकू आला.

"भीमा, तू जा," ठकुअक्का दारातून म्हणाली. "कपडे घाल आणि पळ."

तो हलला नाही. "तुझं पाणी?"

"मी बघते काहीतरी."

"तू काही बघणार नाहीस. त्या दिवशी बसलीस तशी बसशील."

"अरे, नोकरी जाईल."

"जाऊ दे." आणि त्यानं पुन्हा गळ आत सोडला.

हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं. ज्या पाण्यानं तो उठायला शिकला त्याच पाण्यानं आता तो अडकून बसला होता, आणि हट्टी तर तो तिच्याच रक्ताचा. वडील त्याला समजावू लागले. हयवदनराव कन्नडमध्ये रागावले. भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

ठकुअक्का आत गेली आणि आपला प्यायचा तांब्या घेऊन आली. अंगण ओलांडून ती फाटकाशी गेली. वठारात राहायला आल्यापासून त्या नळाकडे ती फिरकलीसुद्धा नव्हती. तोटी कुठल्या बाजूला फिरवायची तेही तिला माहीत नव्हतं. एकदा इकडे फिरवली, मग तिकडे. पाणी आलं. तिनं तांब्या भरला, भीमसेनपुढे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत, न थांबता, तो तांब्या रिकामा केला.

"प्याले," ती म्हणाली. "साकु? पुरे झालं? आता जा."

भीमसेननं गळ टाकला. ओल्या अंगावरच त्यानं कपडे चढवले, चपला हातात घेतल्या आणि धावत सुटला. ड्रायव्हर रोज वेळेवर येणाऱ्या माणसासाठी थोडा थांबला होता. आई डोळे पुसत होती. मलाही रडू आलं, कशाचं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

त्याच महिन्याच्या शेवटी भीमसेन कायम झाला. कळशी गळाला त्याच दुपारी लागली, नवा दोर आला, आणि ठकुअक्का पुन्हा विहिरीचंच पाणी पिऊ लागली. तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते भीमसेनच काढत राहिला, दुसऱ्या पाळीला असला तरी.

आईला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. सोवळ्याच्या लुगड्याला कावळा शिवला तरी ठकुअक्का पंचगव्य घ्यायची, उपास धरायची. नळाच्या त्या तांब्याबद्दल तिनं काहीच केलं नव्हतं. पुढे एकदा शेवया वळताना आईनं भीत भीत विचारलं, "अक्का, त्याचं प्रायश्चित्त नाही घेतलंत?"

ठकुअक्काचा हात थांबला नाही.

"प्रायश्चित्त पापाला असतं," ती म्हणाली. "मी पोराला कामावर धाडलं."