मावसांचा जुना पाय

डोंगरकड्याच्या आमच्या मावसांइतका नव्याचा सोस आणि जुन्याचा लळा एकाच देहात सुखाने नांदताना मी दुसरीकडे पाहिला नाही. टेपरेकॉर्डरला त्यांनी पंख्याचं बटण जोडलं होतं. गाणं ऐकायचं तर ऐन थंडीत वारा खावा लागे. पण खरा जीव वडिलांच्या काळ्या मोटारीत. तिचा ब्रेक पाय उचलून उचलून तीनदा दाबल्याशिवाय लागत नसे. हट्टा गावच्या एका लग्नात तो दोनदाच दाबला गेला आणि आम्ही नवरदेवाच्या आधी मांडवात, थेट जिलेबीच्या परातीपाशी पोचलो. "ब्रेकवाली गाडी आणा, मग बसते," असं बजावून मावशी उतरली, ती उतरलीच.

गाडी बदलणं मावसांना सुचणं शक्य नव्हतं. हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्यांनी भंगारातल्या एका नव्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक आणला, कार्ब्युरेटर काढून इंजिनाला कॉम्प्युटर बसवला आणि धूळ लागू नये म्हणून तो मावशीच्या मसाल्याच्या डब्यात ठेवला. "हे जमत न्हाई, सर," म्हणून नांदेडच्या मिस्त्रीने हात जोडले. मावसांना तेवढंच पुरलं. दोन वर्षं खपले. मदतीला मी होतो, म्हणजे बॅटरी धरायचो, तीही बहुधा त्यांच्याच डोळ्यांवर.

चाचणीला खळ्यावर पाणी मारून ते निसरडं केलं. मावशी लांब बाभळीखाली. मावसांनी गाडी जोरात आणून ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं. हा ब्रेक काम करताना थरथरतोच, पाय काढायचा नाही, हे त्यांनीच मला दहादा समजावलं होतं. पण सवयीने पाय उचलला गेला आणि आम्ही कडब्याच्या गंजीत शिरलो. शेजारी बसून मीही, जिथे ब्रेकच नव्हता तिथे, जिवाच्या आकांताने पाय रोवला होता.

मावशी धावत आली. "काहून पाय काढून राहिले तुमी? समदी गाडी नवी केली, पाय जुनाच ठेवला की!"

"सवय हाय ना..." मावसा कानातला कडबा काढत म्हणाले.

"तू उतर रे," ती मला म्हणाली आणि चक्क पुढे बसली. "चला. मी काढा म्हणेपर्यंत काढायचा न्हाई."

मावसांचा चेहरा वरातीतल्या नवरदेवासारखा झाला. तिथून पुढे ती त्यांना एकट्याला गाडी नेऊच देईना. 'दाबा! काढू नका!' हे पार साखरा गावापर्यंत ऐकू जाई.

मावसा आता नाहीत. गाडी मी चालवतो, मावशी शेजारी. परवा कळमनुरीच्या वळणावर वासरू आडवं आलं. पेडल थरथरलं, मी पाय रोवून धरला, गाडी जागच्या जागी थांबली. शाबासकीच्या आशेने मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्या पायाकडेच बघत होती.

"तुझ्या मावसाला हे कधीच जमलं न्हाई बघ," ती म्हणाली. मग काचेबाहेर वळून हळूच, "बरंच झालं."