अर्थिंगखालचा पिवळा रंग

राजारामपुरीतल्या शाळेच्या फाटकाशी सगळ्यात पुढे जी जुनी व्हॅन उभी असते, तिच्या ड्रायव्हरमामांमुळे माझं काम टिकलं. मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी घाबरून भलतीकडेच जाते आणि त्यांचं नेमकं राहून जातं.

मी भंडाऱ्याकडची. नववीत शाळा सुटली. तालुक्याला जाणारी सकाळची एसटी बंद झाली आणि मुलीला सायकलवर एवढं लांब कोण धाडणार, एवढंच कारण. नवऱ्याला इथल्या फाउंड्रीत काम मिळालं म्हणून कोल्हापूरला आलो. माहेर इतकं लांब की आईला ताप आलेला मला तो उतरल्यावर कळतो. इथं गाडी शिकले, एक वापरलेली आठ सीटची व्हॅन घेतली आणि कळंब्याकडची मुलं शाळेत ने-आण करायला लागले.

शाळेची गाडी पिवळी लागते, माझी पांढरी होती. पेंटरनं ती मोकळी करून आतून-बाहेरून रंगवली आणि मला हाताला धरल्यासारखं फिरवून दाखवली. "वैनी, एक कोपरा सोडला न्हाय बघा. बोल्ट काढून खालनंबी मारलाय." इतका जीव लावून आपलं काम कोणी केलं याचंच मला अप्रूप. त्याला दोनदा चहा पाजला.

काही महिन्यांनी तापमानाचा काटा वर चढायला लागला. इंजिनाच्या हेडवर ॲल्युमिनियमचं एक वाकडं तोंड असतं, त्यातून गरम पाणी रेडिएटरकडे जातं. त्याला बारीक भोकं पडली होती आणि भोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी. गॅरेजच्या मिस्त्रींनी भुकटी बोटावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"बोअरचं पाणी घातलं असणार की."

"नाही हो, कूलंटच घालते. डबा आहे गाडीत."

"डबा असतोय सगळ्यांच्यात."

मी पैसे काढून दिले. शिकलेलं नसलं की माणूस आपलं खरंसुद्धा खोटं असेल असं धरून चालतो. नवीन तोंड बसवलं. थोड्या दिवसांनी तेही गेलं. पुन्हा बसवलं. अधूनमधून ॲक्सिलरेटरची केबल घट्ट व्हायची, पाय रेटावा लागायचा. ती एकदा दुसऱ्या गॅरेजात बदलून घेतली होती. ते दुखणं वेगळं समजून मी मिस्त्रींना बोलले नाही. फाटकाशी बाकीचे ड्रायव्हर मात्र माझ्या भंडाऱ्याच्या बोलीची नक्कल करत बोलत होते.

"काऊन वो वैनी, गाडीलाबी आमचं तिखट सोसंना व्हय?"

मीही हसले. घरी जाऊन मग नीट जेवले नाही.

तिसऱ्यांदा गाडी कळंब्याच्या रस्त्यावर, मुलं आत असताना बंद पडली. सीटखालून वाफ आली, मी सगळ्यांना उतरवून कडेला भिंतीशी उभं केलं. एक पोर विचारत होतं, "काकू, फुटणार काय?" दुसरं रडत होतं. पालकांना फोन लावताना मी दोनदा चुकीचाच नंबर दाबला. तेवढ्यात मामांची व्हॅन आली. आपली मुलं शाळेत सोडून ते पेट्रोल भरायला निघाले होते. काहीही न विचारता त्यांनी दार सरकवलं. "चला रं, बसा. वाफ बघत काय थांबलाय, हुरडा भाजाय लागलाय व्हय?"

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एका आईचा निरोप आला. मुलांच्या जिवाशी खेळ नको. सोमवारपर्यंत गाडी नीट झाली नाही तर आम्ही दुसरी व्हॅन बघतो. खाली एकामागून एक अंगठे पडत गेले.

मामा म्हणाले, गाडी गॅरेजला असेपर्यंत तुमची पोरं मी आणतो, आधी माझी फेरी लवकर करतो. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, झालं, गेली माझी मुलं. त्यांची गाडी जुनी असली तरी कधी वाटेत थांबत नाही. पालक का परत येतील माझ्याकडे?

दुसऱ्या दिवशी आपली फेरी उरकून सकाळीच ते माझ्या दारात. "बसा पुढं."

"मी कशाला? मी गॅरेजवर जाते."

"गॅरेज उघडूस्तवर काय करणार हाय? पुढं बसा, काच खाली घ्या. आयांना तुमचं तोंड दिसू दे. न्हायतर उद्या मलाच मालक समजत्यात."

तशीच बसले. प्रत्येक दारात मीच उतरले, मीच दप्तरं घेतली. निरोप टाकणाऱ्या त्या आईनं मामांना विचारलंच, "काका, तुमचा नंबर द्या ना."

"नंबर वैनींच्याकडं हाय की," मामा म्हणाले आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

मी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मुलं सोडून आम्ही दोघं गॅरेजवर गेलो. मिस्त्री खोक्यातून नवीन, चौथं तोंड काढून बसले होते. मामांनी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बघितला. "ही केबल का अशी?"

"सारखी होते," मी म्हटलं. "मागची तर आतून जळली होती."

मिस्त्रींचा हात थांबला. "जळलेली? मग हे आधी सांगाय नगं?"

त्यांनी मीटर आणला. जुनं तोंड तात्पुरतं बसवून पाणी भरलं. मीटरची एक टोचणी रेडिएटरच्या पाण्यात बुडवली, धातूला लागू न देता, आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला धरली. मला चावी फिरवायला लावली. आकडा उडालाच. पाण्यात करंट होता.

इंजिनात गेलेला करंट बॅटरीकडे परत यायला इंजिनापासून बॉडीला एक जाड पट्टी असते, तिला अर्थिंग म्हणतात. ती वाट अडली की करंट दुसऱ्या वाटा शोधतो. थोडा केबलमधून जातो आणि ती तापते. थोडा पाण्यातून जातो, आणि पाण्याला लागलेलं ॲल्युमिनियम आतून खात राहतो. कूलंट कितीही चांगलं असू दे. मिस्त्रींनी हे मला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता पट्टीचा बोल्ट सोडवत होते.

पट्टी बाजूला झाली. खाली रंग होता. वरचा कधीच मळून गेला होता, पण तिथं तो पहिल्या दिवसासारखा पिवळाधमक.

"बोल्ट काढून खालनंबी," मी म्हटलं. मला हसू आलं आणि लगेच रडू.

मिस्त्री म्हणाले, "मीबी वरनंच बघितलं. पट्टी घट्ट दिसली, म्हटलं ठीक हाय. रंगातनं करंट जातोय कुठं?" मग पॉलिश पेपरचा तुकडा माझ्याच हातात दिला. मी घासत बसले, आतलं लोखंड चकाकेपर्यंत. मुलांसाठी बसवलेल्या मागच्या पंख्याची आणि कॅमेऱ्याची अर्थिंगही कुणीतरी रेडिएटरच्या बोल्टाला जोडली होती, ती हलवली. पट्टी आवळून वरून ग्रीस लावलं. जुनं पाणी सोडून आतून धुतलं, नवीन तोंड, नवीन कूलंट. परत मीटर लावला. आकडा जवळजवळ मेलेला.

सोमवारी मी माझ्या गाडीतून मुलं आणली. एक घर गेलंच, त्यांनी दुसरी व्हॅन धरली होती. बाकीची राहिली. अजूनही सिग्नलला थांबले की माझा डोळा आधी काट्यावर जातो, आणि रात्री आई फोनवर "बरी आहेस ना" म्हणाली की मी आधी गाडीचंच सांगते.

मामांना थँक्यू म्हटलं तर ते म्हणतात, "पोरांस्नी शाळा, आपल्याला काम, सोडा की." पण त्यांची व्हॅन म्हातारी आहे. कधी ना कधी ती एखाद्या सकाळी उभी राहील. त्या दिवशी मी माझी फेरी लवकर उरकेन, त्यांच्या दारात जाऊन हॉर्न देईन आणि त्यांना पुढे बसवीन, काच खाली करून. त्यांच्या प्रत्येक मुलाच्या दारात आधी त्यांचंच तोंड दिसेल. कुणी माझा नंबर मागितला तर काय म्हणायचं, ते मला पाठ आहे.