आधी इचारा, मंग जोडा

जगातली कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूला सरळ जोडू नये, या एका तत्त्वावर सबंध संसार उभा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबाने तो माझा साडू निघाला. अकोल्यात जठारपेठेत त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. लग्न असो, बुद्धजयंती असो की निवडणुकीची सभा, त्यांच्या भोंग्याशिवाय त्या भागात कुणाला काही ऐकू जात नसे. दुकानाच्या मधोमध स्टुलावर त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर बसलेला असे. त्याला ते ‘सायब’ म्हणत. सायबाला उघडायचं नाही, सायबात काही बदलायचं नाही. येईल त्या नव्या भोंग्याची, माइकची, तबकड्या वाजवायच्या मशीनची सायबाशी ओळख करून द्यायची, ती साडूंनी, आणि तीही रीतसर.

ही रीत पाहण्यासारखी होती. नवा भोंगा आला की ते त्याला सतरंजीवर ठेवत आणि समोर मांडी घालून बसत. मग टॉर्चमधला सेल काढून त्याला लावलेल्या तारा भोंग्याच्या तारांना जरा टेकवत. आतून ‘टक्’ असा आवाज येई. ते डोळे मिटून ऐकत, पुन्हा टेकवत, पुन्हा ऐकत. “कोण गा तू? कोठचा? किती सोसते तुले?” असं खरोखर विचारत. त्या टकटकीतून त्यांना उत्तर मिळत असावं, कारण थोड्या वेळाने ते कपाटातून एक लोखंडी डबी काढत. आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेल्या अशा डब्या ते स्वतः बनवत आणि त्यांना ‘दुभाषी’ म्हणत. इकडे सायब, तिकडे पाहुणा आणि मध्ये दुभाषी. “सायबाची बोली याले समजत नाही, याची सायबाले समजत नाही,” ते मला सांगत. “मधात कोणी नसलं तं हा मुका तरी राहीन, नाहीतं जळून तरी जाईन. म्हून आधी इचारा, मंग जोडा.”

या विचारण्यापुढे त्यांना काळवेळ नसे. तेल्हाऱ्याला एका लग्नात मुलीच्या बापाने हौसेने कुठून तरी भला मोठा नवा भोंगा आणला आणि तोच लावा म्हणून हट्ट धरला. नवरानवरी अंतरपाटाशी उभी, भटजी घसा खाकरून तयार, आणि आमचे साडू मांडवाच्या कोपऱ्यात भोंग्यासमोर मांडी घालून बसलेले. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, “मुहूर्त टळून राह्यला ना जी.” साडूंनी मानही वर केली नाही. “भटजीले सांगा, तोंडानं म्हणा. त्यायचा भोंगा जुना हाय, त्याले काही होत नाही.” मंगलाष्टकं तोंडानेच झाली. पंगती बसता बसता भोंगा बोलू लागला, आणि मग रात्री वरात निघेपर्यंत तो काही गप्प बसला नाही.

माणसांच्या बाबतीतही त्यांची रीत हीच. पहिल्या दिवाळसणाला मी सासुरवाडीला गेलो, तेव्हा थोरले जावई म्हणून ते तिथे आधीच हजर होते. मला पाटावर बसवून त्यांनी समोर मांडी घातली. “मास्तर, तिखट किती चालते? झोपतानी दिवा लागते का? राग आला तं बोलता, का गप राह्यता?” मी गप्प राहतो म्हणालो. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, “यायच्यावर एकदम मोठ्यानं बोलजो नको. हळूहळू वाढव.” बायकोने तो सल्ला तंतोतंत पाळला, विशेषतः वाढवण्याचा. पण थट्टा सोडून सांगतो, त्या परक्या घरात दुसऱ्याच दिवशी माझ्या पानात बेताचं तिखट पडलं आणि उशाशी कंदील आला, तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. ताईंचा आवाज सबंध जठारपेठेला ठाऊक होता. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन त्यांच्या अंगणात जमत, आणि ताई गाणी सांगत. कितीतरी गाणी त्यांची स्वतःची, उभ्या उभ्या रचलेली. सायबाला जो आवाज द्यायला चार भोंगे लागत, तो ताई नुसत्या ओसरीवर बसून देत.

एका उन्हाळ्यात ताईंच्या गळ्याला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही. ताई एवढंच म्हणाल्या, “माही गाणी कोठंतरी राहू द्या.” साडूंनी मुंबईहून एका ओळखीच्या माणसाकडून जुना टेपरेकॉर्डर मिळवला. परदेशी मशीन, त्याला आपली वीज चालेना, आपला माइक चालेना. साडू त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

मी आणि बायको मदतीला म्हणून अकोल्यात राहिलो होतो. रोज संध्याकाळी ताई चांगलं लुगडं नेसून माइकसमोर येऊन बसत, आणि साडू म्हणत, “आज नाही. आज आवाज नाकातून येऊन राह्यला.” दुसरी डबी, तिसरी डबी. मी एकदा म्हटलं, थोडी खरखर राहिली तर राहू द्या. ते गंभीर होऊन म्हणाले, “ते खरखर तिची नाही, मास्तर. मशीनचं न् माइकचं भांडण हाय ते. उद्या लोक म्हणतीन, बाईचा आवाजच असा होता.”

अचानक नागपूरहून निरोप आला की खाट रिकामी झाली आहे, उद्याच या. त्या संध्याकाळी ताई स्वतःहून येऊन बसल्या. “गातो मी. जशी येते तशी घ्या.” साडूंच्या हातात अर्धी गुंडाळलेली डबी होती. “सकाळी घेऊ,” ते म्हणाले. “सकाळी गळा मोकळा राह्यते.”

सकाळी डबी झाली. मशीन तापलं, टेप फिरू लागली. साडू माइकमध्ये बोलले, “हॅलो, एक, दोन, तीन. हॅलो.” पण तोवर दारात टांगा उभा होता, ताई त्यात बसल्या होत्या आणि गाडीची वेळ झाली होती.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई वाचल्या. आवाज मात्र गेला. उरली ती वाळलेल्या पानासारखी कुजबुज. घरी आल्यावर साडूंनी टेप लावली. सगळे त्यांचेच हॅलो, त्यांचेच एक-दोन-तीन. आणि शेवटी बाहेरून, अगदी स्वच्छ, कणभर खरखर नसलेला ताईंचा आवाज: “आवो, चला ना आता. गाडी निघून जाईन.”

त्यांनी मशीन बंद केलं आणि पुन्हा लावलं नाही. त्यानंतर कोणताही नवा भोंगा त्यांनी सतरंजीवर ठेवला नाही. आला की सरळ सायबाला जोडायचा. दोन भोंगे जळाले, सायबानेही एकदा धूर काढला.

पुढे मी अमरावतीला नवा रेडिओ घेतला आणि मुद्दाम अकोल्याला त्यांच्याकडे घेऊन गेलो. खरं तर रेडिओला काहीच झालं नव्हतं. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पिन खोचली, बटण फिरवलं. “लागला,” म्हणाले. ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि त्यांच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, “त्याले काही इचारलं नाही?”

“काय इचारायचं?” ते म्हणाले. “वाजून तं राह्यला.”

ताई तिथेच खाली बसल्या. रेडिओवर कापसाचे भाव चालू होते. साडू माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते, आणि मला त्यांची फार आठवण येत होती.