दाजींची डाळ आणि विहीणबाईंची विहीर

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत जेवढ्या विहिरी, बोअर आणि हापसे आहेत, त्या सगळ्यांना एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या अक्काचा नवरा आहे. दाजींची लातुरात डाळ मिल. एकदा त्यांना कावीळ झाली, तेव्हा डोळ्यांत तूरडाळीचीच पिवळी धूळ गेली असणार म्हणून डॉक्टरने आधी डोळे धुवून घ्यायला सांगितलं. त्यांच्या डाळीला कुणी नाव ठेवलं तर ते जेवत नाहीत, आणि जेवलेच तर बोलत नाहीत.

अशा माणसाची लेक, आमची सुमी, अर्धापूरला केळीच्या बागायतदारांकडे दिली. पाठवणीच्या वेळी दाजींनी दागिन्यांपेक्षा जपून गाडीत चढवलं ते तिच्यासाठी वेगळं काढलेलं डाळीचं पोतं. पहिल्याच सणाला विहीणबाई भर पंगतीत म्हणाल्या, "डाळ दिसायला लई गोड हाय अण्णा, पण शिजत न्हाई. सुमी सकाळपासून घोटून राहिली."

दाजींनी घास ताटात ठेवला. "डाळ माझी हाय म्हणल्यावर शिजतीच. पाणी जड हाय तुमचं. सिद्ध करीन, तवाच या घरात वरण खाईन."

सुमी पळी धरून उभीच राहिली. तेव्हापासून बाप लेकीच्या घरी जायचा, ओट्यावर बसून केळी खायचा आणि परत यायचा. आत वरण शिजत असायचं, किंवा शिजत नसायचं.

दुसरा कुणी असता तर विसरला असता. दाजींनी साठी उलटल्यावर नांदेडच्या विद्यापीठात पाणी गुणवत्ता व्यवस्थापनाला प्रवेश घेतला. दुपार मोकळी जाते म्हणून जाता जाता व्यवसाय वित्ताचा वर्गही घेऊन टाकला. मुक्काम नांदेडातच, आमच्याकडे. आमच्या फ्रिजमध्ये दुधाला जागा उरली नाही. तिथे ओळीने पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या, आणि वर चिठ्ठ्या: 'धर्माबादचा मावसभाऊ', 'मेव्हण्याची टाकी', 'विहीणबाई'. एसटीच्या कंडक्टरने पिशवीत काय आहे विचारलं, तर "आरोपी" म्हणाले. लग्नात गेले की आधी पाण्याच्या जारपाशी, मग नवरा-नवरीकडे. वित्ताच्या वर्गात 'घसारा', म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरसाल किती घटते ते, शिकून आले, तेव्हा त्यांनी माझ्या स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मेव्हणे, गाडी आणखी काई वर्षं काढल. तुमचं सांगता येत न्हाई." अक्काने फोनवर स्वतःचा घसारा विचारला, तर "तुझ्या बाबतीत पुस्तक गप्प हाय," म्हणून सुटले.

शेवटी प्रयोगशाळेत विहीणबाईंच्या बाटलीचा नंबर लागला. मीही बघायला गेलो. पाण्यात रंग टाकून ते लाल करायचं आणि वरून औषधाचे थेंब सोडायचे. पाणी निळं व्हायला जितके थेंब जास्त, तितकं ते जड. दाजींनी औषधाची नळी काठोकाठ भरली होती, सगळी गोदावरी रिचवायच्या तयारीने. चार थेंब पडले न पडले तोच पाणी निळं. पुन्हा केलं, पुन्हा निळं.

"मॅडम, औषध शिळं असंल," दाजी शिकवणाऱ्या बाईंना म्हणाले.

"काका, पाणी एकदम हलकं आहे. यात दगडसुद्धा शिजेल."

बाहेर येऊन दाजी कट्ट्यावर टेकले. मग म्हणाले, "वित्ताचे सर म्हणले, आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. सुमी दहावीला होती तवा लई झकास तूर आलती. तिची डाळ केली, म्हणलं ही पोरीच्या लग्नाला. कुणाला हात लावू दिला न्हाई."

"मग?"

"मग काय. पोरगी शिकत राहिली, डाळ म्हातारी झाली."

मी म्हटलं, "कोण विचारतंय दाजी? पाणी जड निघालं म्हणा आणि मोकळे व्हा."

"तसं कसं? मी आता शिकलेला माणूस हाय."

आम्ही दोघं अर्धापूरला गेलो, तशी ओट्यावर केळी आली. दाजींनी ती बाजूला सारली आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "विहीणबाई, पाणी पास. डाळ माझीच म्हातारी होती. लेकीसाठी जपता जपता उशीर झाला."

आता जिंकल्याच्या आनंदात या बाई गावजेवण घालतात की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मला ठावं होतं, अण्णा. जुनी डाळ हातालाच कळती. म्हणलं दुसरी आणू. पण तुमची पोरगी हे पोतं संपल्याबिगर दुसरी डाळ घरात येऊ देईना. रोज आदल्या रातीला भिजू घालती."

ताट वाढलं. वरण अजून कणीदारच होतं, मी खाल्लंय म्हणून सांगतो. दाजी दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "शिजलीय."

"आप्पा," सुमी म्हणाली, "पोतं आता तळाला आलंय."

"संपव सावकाश," दाजी म्हणाले, आणि भातातल्या वरणात बोट फिरवत राहिले. मान काही लवकर वर केली नाही.