उलवे ते त्बिलिसी : साडेपाच तास आणि एक चुकलेली वेळ

त्बिलिसीच्या विमानतळावर मी प्रणिताला ब्लॉक केलं, आणि सगळं तिथेच फिरलं. बाकी ट्रिप मस्त होती, असं लिहायला आवडलं असतं.

प्रणिता नेरूळची, जॉर्जियात डॉक्टरकी शिकते. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, काकांच्या एपीएमसीतल्या कांद्याच्या गाळ्यावर बसतो. दोन वर्षं फोनवर आमची एकच वेळ, भारतातली. तिथे घड्याळ दीड तास मागे, पण त्याचं गणित कायम तीच करायची.

जाणाऱ्यांसाठी : ई-व्हिसा आधी काढा. अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर, थेट विमानाला साडेपाच तास. आमच्या गॅलरीतून नवा विमानतळ दिसतो, पण माझं विमान जुन्या मुंबईतूनच होतं. उलव्याहून टॅक्सीला दोन तास धरा.

दुपारी एकचं विमान. "तिकीट पाठव ना," ती म्हणाली होती.

"विश्वास नाय का? साडेसहाला उतरतो."

तिकिटावर पाच छापलं होतं, तिथल्या वेळेचं. मी शहाणपणा करून दीड तास मिळवून सांगितला. आपली वेळ म्हणून.

उतरलो. वीस मिनिटांत बाहेर. मनगटावर भारतातलीच वेळ. सात झाले, साडेसात झाले. पावणेआठला डोकं फिरलं. विमानतळाच्या वायफायवर मेसेज टाकला, 'तुझ्यासाठी कॉलेज सोडलं, तुला इथपर्यंत यायला जमत नाही?' आणि ब्लॉक. टॅक्सी पकडून मी बुक केलेलं हॉस्टेल गाठलं. टॅक्सीवाला मागेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. मी भांडायच्या मूडमध्ये होतो, स्वस्तात गेलो.

सकाळी जुन्या गावात चीज भरलेली गरम खाचापुरी खाल्ली. एकट्याला एक संपत नाही. तेव्हा कुठे तिला अनब्लॉक केलं, 'कुठे होतीस?' विचारलं.

एकच फोटो आला. विमानतळाचं घड्याळ, तिथले सहा वीस, म्हणजे आपले सात पन्नास. खाली तिच्या हातात स्टीलचा डबा.

धावत तिच्या खोलीवर गेलो. दारातच म्हणाली, "तिकिटावर जिथे उतरतो तिथलीच वेळ असते रे मंग्या. मला वाटलं साडेसहा म्हणजे इथले. नऊपर्यंत थांबले, आज पेपर असून."

"डब्यात काय होतं?"

"वरण-भात. मैत्रिणींनी संपवला."

मी सॉरी म्हणालो.

"कॉलेज तू सरांशी भांडून सोडलंस. माझ्या नावावर नको टाकू. परीक्षा होईपर्यंत फोन नको करूस. नंतरचं मलाही माहीत नाही."

उरलेले तीन दिवस फिरलो. केबल कार, गंधकाच्या पाण्याचे हमाम, सगळं बघण्यासारखं आहे. दोघांनी जा.

घरी येऊन आठवडा झाला. मोबाईलवर आता त्बिलिसीचं घड्याळ लावलंय. इतकं सोपं होतं ते.

आज सकाळी मेसेज टाईप करून ठेवला होता. आई म्हणाली, "सात वाजले, काका वाट बघत असतील."

तिथे साडेपाच. झोपली असेल. मेसेज खोडला, चप्पल घातली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.