वीतभर घागऱ्यातली बाग

मशीनच्या पायाशी चिंध्या साचतात, तसे आमच्याकडे किस्से साचतात. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग. आम्ही तिघी: मी, शकुन आणि बोरगावची वत्सला. सौंसरला माझ्या पडवीत बसून वीतभर बाहुल्यांचे कपडे शिवतो. कापडावरची नक्षीही आमचीच. फोटो काढायचा, नागपूरला पाठवायचा, छापलेलं कापड बसनं येतं.

*

पहिल्यांदा संत्र्यांचा फोटो पाठवला. चित्र केवढं छापायचं ते सांगावं लागतं, हे कुणाला ठाऊक? एकेक संत्रं खरबुजाएवढं आलं. फ्रॉक घातला, तर बाहुली नुसती नारिंगी.

शकुन म्हणाली, "बाई, हे तं संत्र्याच्या पोटात बसून राहिली."

*

पांढुर्ण्याच्या एका सूनबाईनं विचारलं, "आजी, कोणत्या क्लासला शिकलात?"

म्हटलं, "नवऱ्याचा शर्ट उसवला, पुन्हा जोडला. त्याच्या अंगात गेला, त्या दिवशी मी पास."

मागून वत्सला, "एक बाही उलटी होती, थे नाही सांगत?"

"पास म्हणजे पास."

*

मोहगावची एक चिमुरडी बाहुली घेऊन परत आली. कुर्त्यावरचा खिसा नुसता छापलेला होता, उघडत नव्हता. मी खरा लावून दिला. विचारलं, "काय ठेवशील यात?"

"मले काय माहीत? खिसा तिचा आहे."

*

वत्सलाची संत्र्याची बाग वाळली, झाडं काढावी लागली. तेव्हापासून तिचा नवरा, नामदेवभाऊ, बोलेनासे झाले. हाक मारली की जेवायला यायचे, ताट सारून उठायचे. वत्सलाच्या मोबाईलमध्ये शेवटच्या बहाराचा एक फोटो होता, फांद्या भरून पांढरी फुलं.

"बाई, हे कापडावर उतरलं पाहिजे," ती म्हणाली. "एक डाव पाहतील तरी."

आम्ही हिरव्या कापडावर फुलं छापायला सांगितलं. आलं ते हिरवंच. फक्त बारीक पिवळे ठिपके, जणू फुलं उडून गेली आणि पराग मागे राहिले. वत्सला ते मांडीवर घेऊन बसून राहिली.

छापणारा फोनवर म्हणाला, "आजी, आमच्या मशीनमध्ये पांढरा रंगच नसतो."

"मग फुलं छापूच नका. पांढरं कापड घ्या. पानं छापा, आभाळ छापा, फुलांची जागा सोडा."

"आणि फुलं?"

"ती कापड काढेल."

*

दुसरं कापड आलं. घागरा वत्सलानं कुणाला शिवू दिला नाही. चुणी घातली की फांदीत फांदी शिरायची, बाग दाट व्हायची.

दुपारी ती बाहुली घेऊन घरी निघाली. मीही गेले, मला कोण अडवणार? ओसरीवर नामदेवभाऊंच्या शेजारी तिनं बाहुली ठेवली आणि चहा मांडायला आत गेली.

भाऊंनी बाहुली उचलली. अंगठ्यानं एकेक चुणी बाजूला केली, फांद्या सारत माणूस आत शिरतो तशी. बराच वेळ ते तिथंच कुठंतरी होते. मग घागरा नाकाशी नेला.

"वत्सले."

आतली कपबशी वाजायची थांबली.

"इकडच्या ओळीले पाणी देल्लं का?"

पदराला हात पुसत वत्सला दारात आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"देऊन राहिली ना," ती म्हणाली. "तुम्ही बांधावर उभे राहा. कुठवर आलं, थे सांगा."