एकाच मालकाची गाडी

फाटकाला आज रंग दिला आणि त्या वासासरशी शिरवण्यातले जुन्या मोटारसायकलींचे दुकान आठवले. डोंगरवाटांसाठी मुलीने एक हलकी गाडी पसंत केली होती. विक्रेता म्हणाला, “सिंगल हँड हाय काका, एकच मालक.” मी बजावले, “मग त्याचे लेखी निवेदन आणा.” तो चाचरला, “तो वारला काका, घाटात.” ताज्या रंगाखाली माझ्या बोटांना सांगाड्यावर वेल्डिंगचा उंचवटा लागला; गाडी मोडून पुन्हा जोडलेली होती. गाडीवर बसलेली मुलगी उतरेना. “बाबा, इतकी हलकी दुसरी नाही मिळणार!” एरवी सगळ्यांना कायद्याची कलमे सुनावणारा मी, पण भर दुकानात तिच्यापुढे हात जोडले. ती उतरली. ती गाडी पुढे कोणाच्या मुलाने नेली, हे मी त्या विक्रेत्याला आजही पत्रांतून विचारतो. उत्तर येत नाही.